सात पोरांची यादी

हेडसरांनी माझी टाचणवही उघडली, पहिलं पान धरलं आणि टरकन फाडलं. त्या पानावर माझं नाव होतं. फाडलेल्या पानाची घडी करून त्यांनी ती चहाच्या कपाखाली ठेवली, टेबलावर डाग पडू नये म्हणून. वही स्वतःच्या बॅगेत घातली.

"टाचण बरं झालंय," ते म्हणाले. "आदर्श पाठ मी घेतो. तुम्ही अतिथी. तुमच्या नावानं पाठ ठेवला तर बाकीच्या शाळा हसतील की आम्हाला."

समोर दोन कायम शिक्षक बसले होते. एकानं पेपर तोंडासमोर धरला, दुसरा मोबाइल बघत राहिला. मी "बरं सर" म्हणाले. हो, म्हणाले. खोटं कशाला सांगू?

सांबऱ्याच्या बाजूला एका खेड्यात आमची सरकारी मराठी शाळा आहे. सातवीपर्यंत. मी तिथं तीन वर्षं अतिथी शिक्षिका. जूनमध्ये घेतात, मार्चअखेर सोडतात. पुढच्या जूनमध्ये घ्यायचं की नाही ते हेडसरांच्या शिफारशीवर. त्या एका सहीसाठी माणूस वर्षभर मान खाली घालून चालतं. रजा मागायची नाही, वाद घालायचा नाही, कुणाचा तास रिकामा राहिला की जाऊन उभं राहायचं.

त्यात माझी जात. वडगावात आम्ही राहतो ती गल्ली कुठली, हे हेडसरांनी पहिल्याच दिवशी काढून घेतलं. आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गल्ली. तिसऱ्या उत्तराला त्यांचा चेहरा निवांत झाला. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये दांडी तुटलेला एक कप माझा झाला. कुणी तसं सांगितलं नाही. शिपाईमामा तेवढा एकच कप माझ्यासमोर ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता निघून जायचे.

पण वर्गात मी कुणाची अतिथी नव्हते. पाचवीचं गणित माझ्याकडे. टाचण लिहायची माझी एक पद्धत आहे. लोक उद्दिष्टं लिहितात, साहित्य लिहितात, फळ्यावर काय लिहायचं ते लिहितात. मी ते सगळं लिहिते आणि शेजारी एक रकाना आखते. पोरं काय चुकतील आणि का चुकतील. अपूर्णांकांच्या पाठात त्या रकान्यात पहिलंच वाक्य होतं : एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा असं म्हणतील, कारण आठ चारापेक्षा मोठे. सगळा पाठ मी त्या चुकीवर बेतला होता. चुकलेल्या पोरालाच पुढं बोलवायचं, त्याच्याच हातात दोन भाकरी द्यायच्या, एकीचे चार तुकडे करायला लावायचे, दुसरीचे आठ. आपण बोलायचं नाही.

हेडसरांनी तो रकाना खोडला. साहेब वाचतील, चुका कशाला लिहून ठेवता म्हणाले. भाकरीपण खोडली. तिच्या जागी थर्मोकोलचा गोल केक आला, वर लाल चेरीसकट. आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांनी केक कापताना फक्त दुसऱ्याच्या वाढदिवसाला पाहिलेला.

मग तीन दिवस तालीम. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार, तपासणीचे साहेब येणार. आमच्याकडची जुनी रीत आहे. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. वर मात्र सगळ्यांनी करायचा. बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो आणि गुरुजी उजवे हात बघून नावं घेतात. मी लहान असताना हीच रीत होती. अजून तीच.

पण तालमीत घोळ व्हायला लागला. रेणुका नावाची एक मुलगी आहे, दुसऱ्या बाकावरची. बाप वडगावला मागावर विणायला जातो. ती प्रत्येक वेळी झटकन उजवा हात वर करायची आणि ठणकावून सांगायची, एक छेद आठ मोठा. हेडसर ओरडले, डावा हात कर म्हणून सांगितलंय ना. ती गोंधळून म्हणाली, "पण मला येतंय की सर."

बरोबरच होतं तिचं. तिला येत नाही हे तिला माहीत नव्हतं. अशी सात पोरं निघाली. ज्याला येत नाही तो डावा हात करून गप्प बसतो, त्याची अडचण नसते. ज्याला चुकीचं येतं आणि पक्कं येतं, तो तालमीत बसत नाही.

हेडसरांनी मला बोलावलं. "असल्या पोरांची यादी करा. त्या दिवशी त्यांना ऊटाच्या खोलीत घेऊन बसा. तुमचंच ऐकतात ती. तुमच्याकडचीच बरीचशी."

दुपारच्या जेवणाचे तांदूळ ठेवायची ती खोली. आणि मी यादी केली. माझ्या अक्षरात, एकाखाली एक, सात नावं. जूनची सही डोळ्यांसमोर होती. आई वडगावात दुसऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते, आता तिचा खांदा वर जात नाही. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. मी स्वतःला हेच सांगत लिहीत होते.

चौथीत असताना मलाही एकदा गुरुजींनी सांगितलं होतं, उद्या येऊ नकोस गं, उद्या साहेब येणार. मी उड्या मारत घरी आले. सुट्टी मिळाली म्हणून दिवसभर आईशेजारी बसून चाकावर सूत धरलं. दुपारी आईनं विचारलं, "बाकीच्यांना हाय का सुट्टी?" नाही म्हटल्यावर तिचं चाक थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि परत चाक फिरवायला लागली.  चाक का थांबलं ते कळायला मला पुढं लई वर्षं लागली.

पाठाच्या दिवशी मी सात पोरांना घेऊन तांदळाच्या पोत्यांमध्ये बसले. मध्ये एकच भिंत. पलीकडून हेडसरांचा आवाज येत होता. वाक्यं माझी होती. कुठं थांबायचं तेही मीच लिहिलेलं. फक्त जिथं चूक यायला हवी होती तिथं एक पोर घोकलेलं उत्तर म्हणत होतं आणि टाळ्या पडत होत्या. अंगाची लाही लाही होत होती. तरी मी पोरांना गप्प बसा, गप्प बसा, असंच सांगत होते.

रेणुका पोत्याला टेकून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, तुमालाबी येत न्हाय व्हय? तुमी का हितं बसलाय?"

मला एकदम रडू आलं. मग राग आला, हेडसरांचा नाही, स्वतःचा. मी हिला कोंडलं होतं. ज्यांनी मला घरी बसवलं त्यांचं काम मी माझ्या हातानं करत होते आणि त्यासाठी मला शिक्षिका व्हावं लागलं होतं.

मी माझा जेवणाचा डबा उचलला. उठा म्हटलं. सातही पोरं माझ्यामागं वर्गात आली. हेडसर केकचा तुकडा हातात धरून उभे होते. पाहुणे शिक्षक माना वळवून बघत होते. मी साहेबांकडे बघून म्हणाले, "ही सात मुलं याच वर्गातली आहेत. हा पाठ मी लिहिलाय आणि तो यांच्याशिवाय पुरा होत नाही."

हेडसर बाहेर जा म्हणाले. मी गेले नाही. पदर मुठीत धरून उभी राहिले. रेणुकाला पुढं बोलावलं आणि विचारलं, कुठला मोठा. ती म्हणाली एक छेद आठ. पाहुण्यांत हशा झाला. मी वर्गाला म्हटलं, आज हात खरे करायचे, उजवा-डावा नाही. रेणुकासारखं कुणाकुणाला वाटतंय? पोरं आधी एकमेकांकडे बघायला लागली. मग एक हात, मग दोन, मग अर्धा वर्ग. तीन दिवस बरोबर उत्तर घोकलेली पोरंही त्यात होती. हसणं बंद झालं.

डब्यातल्या दोन भाकरी मी रेणुकाला दिल्या. एकीचे चार, एकीचे आठ. तिनं ओठ चावत तुकडे केले आणि दोन्हीतला एकेक उचलून बघत राहिली. "आठात वाटलं की बारका येतोय," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. मी होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

साहेबांनी शाबासकी दिली नाही. रागावलेही नाहीत. घड्याळ बघितलं, जेवले, सही करून निघून गेले. पाहुणे शिक्षक माझ्याशी न बोलता मोटारसायकलींवर बसले. एवढ्यानं काही बदलत नाही, हे मलाही दिसत होतं.

चार वाजता हेडसरांनी कोरा कागद पुढं सरकवला. लिहा, म्हणाले. तब्येत बरी नव्हती, भान राहिलं नाही, माफी असावी. म्हणजे जूनचं बघता येईल. आवाज अगदी मऊ होता. तेवढा मऊ आवाज तीन वर्षांत मी ऐकला नव्हता. आईचा खांदा आठवला. लिहून टाकावं असं वाटलं, हेही खरं. चार ओळीच लिहायच्या होत्या.

"भान होतं सर," मी म्हणाले. "मी लिहिणार न्हाय."

मग जूनमध्ये येऊ नका, ते म्हणाले.

जूनमध्ये काय करायचं ते मला माहीत नाही. दुसरी नोकरी नाही. पण मार्च संपेपर्यंत पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि त्या वर्गातलं एकही पोर मी आता बाहेर बसवणार नाही, कुणीही येवो. हेडसरांना मी तिथंच सांगितलं, मला नको म्हणायचं असेल तर लेखी द्या, कारणासकट. ते कारण मी पाचवीच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. आणि पोरांना विचारणार आहे, यात चूक कुठं आहे.