मुका का बहिरा?

बंद पडलेलं वाद्य पिनमामांना मान्यच नव्हतं. त्यांच्या लेखी ते एकतर मुकं असायचं, नाहीतर बहिरं. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मी माझा इलेक्ट्रॉनिक ड्रम नेला आणि बंद पडलाय म्हणाले, तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "मुका का बहिरा?" मला वाटलं, आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायकाची चौकशी चाललीय.

मग त्यांनीच शिकवलं. पॅडवर काठी मारायची आणि पॅडच्या वायरी जिथं जातात, त्या मशीनचा दिवा बघायचा. दिवा लुकलुकला, पण आवाज नाही, तर तो मुका. दोष मशीनच्या पुढे, स्पीकरकडे. दिवाच लागला नाही, तर पॅड बहिरा. "बहिऱ्याला शेजाऱ्याची वायर लावायची. बोलला, तर त्याची सोताची वायर आजारी. पॅड उगा खोलायचा नाय." बँकेतली नोकरी सांभाळून वर्षभर दर रविवारी मी हे वैद्यक शिकले.

खिशातल्या मऊ रुमालानं पुसल्याशिवाय मामा वायरीची एकही पिन खोबणीत घालत नसत. नाव पडलं ते त्यावरून. आम्ही त्या रुमालाची यथेच्छ टिंगल केली.

आयुष्य स्पीकरशेजारी गेल्यामुळे मामांचा उजवा कान गेला होता आणि डावा जायच्या बेतात होता. तरी चांदवडला, त्यांच्या गावी, माझा पहिला पूर्ण कार्यक्रम ठरला, तेव्हा ते पहिल्या रांगेत येऊन बसले. ऑर्केस्ट्राचे मालक आण्णा तालाला बाई बसवायला मुळातच नाखूश होते. आणि नेमका पायाचा पॅड बोलेना.

"पाच मिनिटं," आण्णा म्हणाले. "नाहीतर गावातला ढोलकीवाला बसवतो." एकदा उठवलं की पुन्हा बसवणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी हाताची घडी घातली आणि ते जागचे हलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला.

पाय मारला. दिवा नाही. बहिरा. शेजारच्या पॅडची वायर काढून लावली, तर धाडकन बोलला. म्हणजे वायर आजारी. तिची पिन उपसली आणि हसावं की रडावं कळेना. पिनेवर कुंकू वाळलं होतं. सकाळी आईनं ड्रमची पूजा केली होती. पॅडला, मशीनला, आणि कुणी उपाशी राहू नये म्हणून प्रत्येक पिनेलाही ओलं कुंकू लावलं होतं; पायाच्या पिनेला जरा जास्तच सढळ हातानं. मी ओढणीनं सगळ्या पिना लख्ख पुसल्या. त्यानंतर दोन तास चांदवड नाचत होतं, आणि आण्णा माझ्याकडे बघून मान डोलवत होते.

कार्यक्रम संपल्यावर मामा वर आले. मी त्यांच्या डाव्या कानाकडे बोट करून विचारलं, "आला का ऐकू?"

"नाय. ह्यो बी गेला वाटतं." माझा चेहरा पडला, तसा त्यांनी माझा हात धरून स्पीकरच्या फळीवर ठेवला. "इथं हात ठेवून बसलो असतो, तर समदं कळलं असतं. पन मी खाली बसून तुझे हात बघितले." मग आण्णांकडे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, मी बहिरा झालो, मुका नाय. माझं बोलनं आता ही बोलती."

रुमाल त्यांनी माझ्या खिशात कोंबला.