भांगाच्या दिवशी मोजलेले एकतीस पक्षी

हे मी लिहिणारच नव्हते. यात आमच्या गावचे म्हातारे मूर्ख दिसतात आणि त्यातले एक माझे सख्खे आजोबा आहेत. पण काल ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "पक्षी आम्हीच वाचवले," आणि माझं डोकं फिरलं. तर ऐका. ही तिया सेगुंदाची गोष्ट आहे; तिया म्हणजे मावशी.

सेगुंदा आमच्या बेटावरची ओकिंका, म्हणजे पुजारीण. पूजेचा मान तिचा, म्हणून कुठल्याही पुरुषाने तिला हात लावायचा नाही, तिच्या लाकडी बैठकीलासुद्धा नाही. मान असला तरी पोट भरतं ते शिंपल्यांवर. पन्नास वर्षं चिखलात वाकून तिची पाठ तशीच राहिली. ती तुमच्याकडे खालून वर बघते, आणि तरी बुटकं तुम्हालाच वाटतं.

वाकलेल्या बाईला मागून येणारं पाणी दिसत नाही. ते खाडीतून गुपचूप शिरतं आणि परतीची वाट आधी बुडवतं. बायकांना सावध करतात ते पक्षी. टिलवे, तुतवार, वाकड्या चोचीचे कोरल, सगळे त्याच चिखलात, बायकांपासून दहा पावलांवर चोच खुपसत असतात. पाणी वळलं की टोकाचे टिलवे उठतात, मग तुतवार, आणि सेगुंदा म्हणते, "उचला टोपल्या." भरती ओसरेपर्यंत सगळा थवा समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर उभा राहतो. पट्टा जवळ आहे म्हणून ते आमच्या चिखलात येतात. पट्टा गेला तर दिवसातून दोनदा लांबून उडत कोण येणार? उत्तरेला जायच्या आधी अंगावर चरबी चढवायची असते त्यांना, उगाच जाळायची नसते.

आणि तोच पट्टा बाहेरगावच्या मासेवाल्यांनी मागितला, मासे धुरी देऊन सुकवायला. बेटाची सभा म्हणाली, आधी पक्षी मोजू. भरपूर असले तर पट्टा देणार नाही.

मोजायला राजधानीतून एदमुंदो आला. दुर्बीण, टोपी, खूप खिसे असलेली पँट. रविवारी उधाण नुकतंच सरत होतं. त्याने आपली होडी पाण्याच्या सगळ्यात वरच्या खुणेपर्यंत ओढून घेतली, सुरक्षित राहावी म्हणून. मग सभेच्या म्हाताऱ्यांपुढे उसाची दारू ओतली आणि म्हणाला, "शुक्रवारी मोजतो."

शुक्रवारी भांग होता, पंधरवड्यातली सगळ्यात लहान भरती. त्या दिवशी पाणी निम्म्या चिखलावरसुद्धा चढत नाही, पक्षी पट्ट्यावर येतीलच कशाला, ते खात बसतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण ज्याची दारू प्यायली त्या पाहुण्याला "तुझा दिवस चुकीचा" म्हणायचं नाही अशी रीत आहे. पाच म्हाताऱ्यांनी पाच माना हलवल्या. माझ्या आजोबांनी तर दोनदा.

शुक्रवारी एदमुंदोने पट्ट्यावर एकतीस पक्षी मोजले. वहीत लिहिले, खाली रेघ मारली.

सेगुंदाला हे विहिरीवर कळलं. ती तशीच भरली घागर ठेवून आजोबांच्या ओट्यावर गेली.

"एकतीस," ती म्हणाली.

"पाहुणा आहे गं," आजोबा म्हणाले.

"तोंडात दारू होती की जीभ गेली होती?"

"रीत आहे."

"उद्या माझी सून पाण्यात राहिली तर तिथेही मान हलवायला या सगळे."

आजोबांनी पायाकडे बघितलं. छान पाय आहेत त्यांचे, कधी चिखलात गेले नाहीत.

मग ती घरून बैठक आणि शिंपल्यांची टोपली घेऊन किनाऱ्यावर गेली. एदमुंदो निघायच्या तयारीत होता, पण होडी वर आणि पाणी पार खाली. इंजिनसकट ती जड होडी ढकलायला त्याने आठ माणसं गोळा केली होती. सेगुंदा आत चढली, बैठक ठेवली, बसली आणि शिंपल्या फोडायला लागली. आठही जण दोन पावलं मागे.

"तिया, उतरा ना, मला जायचंय," एदमुंदो म्हणाला.

"जा की. मी कुठे धरलंय?"

"होडी ढकलायचीय."

"ढकल. पाणी का नाही आलं रे इथवर?"

त्याने खाली बघितलं. "रविवारी तर आलं होतं."

"रविवारी आलं होतं. आज आलं नाही. आणि हे कळायला शाळा किती शिकलास, पोरा?"

तो पट्ट्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे पक्षीसुद्धा..."

"शिंपली खा," सेगुंदा म्हणाली. "उधाणाला आठ दिवस आहेत."

संध्याकाळी ती घरी गेली, बैठक होडीतच ठेवून. आठ दिवस कोणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी उधाणाचं पाणी चढलं. चिखल हात हात करत बुडत गेला आणि थवे पट्ट्यावर उतरायला लागले. एदमुंदो दुर्बीण घेऊन पुढे निघाला तर सेगुंदाने त्याची पँट धरली. "उडवशील. बस खाली." मग तो काठावरच्या चिखलात बसून बघत राहिला. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. कोरल गुडघाभर पाण्यात, टिलवे वर कोरड्यात. पाणी पायाला लागलं की टिलवा दुसरा पाय काढायचा कंटाळा करतो, एका पायावरच उड्या मारत सरकतो. तो हसला. मग मोजायला लागला, दहादहाचे, मग शंभराचे गठ्ठे करून. अकरा हजारांवर थांबला आणि एकतीसचं पान त्याने फाडलं. त्याने ते वहीतून स्वतः फाडलं म्हणून मी त्याला थोडं माफ केलं.

सभेत पट्टा मासेवाल्यांना मिळाला नाही. निकाल म्हाताऱ्यांनी वाचला, फोटोही त्यांचाच निघाला. सेगुंदा तेव्हा चिखलात होती, ओहोटी होती ना.

या वर्षी तिचा उजवा गुडघा वळत नाही. ती काठावर बसते आणि बायकांना हाक मारते, आवाज अजून लांब जातो. आमच्या बेटावर याल तर आजोबांकडे जाऊ नका, ते तासभर स्वतःचंच सांगतील. सरळ तिच्याकडे जा. ती तुम्हाला चार शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या. फक्त लवकर जा, पुढच्या वर्षी वगैरे म्हणत बसू नका.