ती जट नव्हती

मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात पहिलीच शिकणारी. चुकलं तर माफ करा. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जालन्यातल्या पार्लरच्या खुर्चीत मी बसले होते. मागे आमच्या गावच्या पाटलांची शुभदा. गॅदरिंगसाठी तिला केस सरळ करून घ्यायचे होते. औषध नवं होतं.

"बाई, आधी हिच्यावर बघा," ती म्हणाली. "हिचे बिघडले तरी काय? धनगराच्या पोरीचं डोकं, नुसती लोकर."

बाई हसल्या. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

मी केसांना काळी मेंदी लावत असे. तिच्यावर हे औषध चालत नाही, हे मला नंतर कळलं. बाईंनी विचारलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही. औषध लागताच टाळू तापली.

"जळून राह्यलंय."

"थोडं सोस की," शुभदा म्हणाली.

धुतल्यावर केस लगद्यासारखे चिकटले. शुभदानं आपली वेणी पुढे घेतली. "बरं झालं, मी न्हाई बसले."

चार दिवसांत गठ्ठा झाला. फणी शिरेना. वडीगोद्रीजवळ आमच्या वस्तीवर गेले, तर आत्यानं हात जोडले. मला नाही, माझ्या केसांना.

"देवीची जट आली गं बाई! आता फणी न्हाई, कातर न्हाई."

"आत्या, औषधानं झालंय."

"औषध लावायची बुद्धी कोणी दिली मंग?"

ठरलं. मंगळवारी परडी हातात द्यायची. मग जन्मभर जोगवा. कॉलेज बंद. बायका पाया पडून जाऊ लागल्या. पार्लरात मेंढी, इथे देवी. माणूस कुठेच नाही.

सोमवारी भर दुपारी दादांची, माझ्या वडिलांची, लोकर कातरायची कातर घेऊन अंगणात बसले.

"कोप होईल!" आत्या ओरडली.

"माझ्यावर होऊ दे."

दादा बघत राहिले. एवढंच म्हणाले, "कानाला जप."

बोडक्या डोक्यानं कॉलेजात गेले. ओढणी घेतली नाही.

"काय गं, घरात कोण वारलं?" शुभदानं विचारलं.

"तुझ्या आधी खुर्चीत बसणारी."

आज आईनं कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र हाती आलं. चुलत्यांच्या सात वर्षांच्या पोरीच्या केसांत गाठ झाली आहे. आत्यानं परडी आणून ठेवली आहे. पत्राला यायला पाच दिवस लागले. उद्या मंगळवार.

दुपारच्या गाडीनं मी निघाले आहे.