रोज एक अर्थ

धंतोलीत एक बुकबाइंडर बसत. कॉलेजची पुस्तकं मी रोज एकदोन करून त्यांच्याकडे बांधायला न्यायची. तेव्हा मी नवीकोरी इंग्रजीची एम.ए.; नाक इतकं वर की पायाखालचं शेण दिसायचं नाही. खळ लावता लावता ते विचारत, "बाई, 'सेट'चा आज कोणता अर्थ?" मी ऐटीत सांगायची: दागिन्यांचा सेट, सूर्याचं मावळणं, सिमेंटचं घट्ट होणं. हा शब्द दोन भाषांतून आलाय म्हटलं, तर हसले, "म्हणजे याले दोन माहेरं हायेत!"

शेवटी कंटाळून मी शब्दकोशातले सगळे अर्थ कागदावर उतरवले आणि त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी बोटं पुसून कागद परत दिला.

"सगळे एकदम नका देऊ जी. पोरगी समोरच्या दवाखान्यात भरती हाये. तिचे मास्तर म्हणे, या शब्दाचे अर्थ सरतच नाही. रोज एक सांगतो तिले. मंग पोरगी उद्याची वाट पाह्यते."

तेव्हा कुठे माझं नाक खाली आलं. बांधायला पुस्तक नसलं तरी मी रोज एक अर्थ घेऊन जाऊ लागले.

एका सोमवारी त्यांनी माझं पुस्तक घेतलं, शिवलं, खळ लावली. विचारलं काहीच नाही.

माझ्या पर्समधल्या कागदावर अजून कितीतरी अर्थ उरले होते.