माशाच्या पुस्तकाचे गुरुवार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन-चार माणसं दर गुरुवारी एका व्हरांड्यात बसून तीच चार पानं पुन्हा पुन्हा वाचायला लागली, की किस्से होणारच. आमचे तर इतके झाले, की ते पुस्तक आठवायला गेलं तरी आधी माणसं आठवतात.

देवळाली कॅम्पात पारखे सरांचं बैठं घर होतं. सरांनी आयुष्यभर चर्चचे पाळक होऊ घातलेल्या मुलांना हिब्रू शिकवली. निवृत्त झाल्यावर घरीच वर्ग काढला. फी नाही, परीक्षा नाही, चहा मात्र सक्तीचा. बायबलच्या जुन्या करारातलं एक पुस्तक घ्यायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? कशासाठी लिहिलं?

पहिलंच पुस्तक घेतलं ते छोटंसं, चार अध्यायांचं. देव एका संदेष्ट्याला सांगतो, शत्रूच्या नगरीत, निनवेला जा आणि तिचा नाश होणार आहे असं बजावून ये. हा उलट दिशेच्या जहाजात बसून पळतो. वादळ येतं, त्याला समुद्रात टाकतात, मासा गिळतो, परत किनाऱ्यावर टाकतो. मग तो निमूटपणे निनवेला जातो. तिथले लोक पस्तावतात, देव नगरी वाचवतो, आणि ती वाचली म्हणून संदेष्टा रुसून बसतो. आम्ही त्याला 'माशाचं पुस्तक' म्हणायचो. सरांना ते नाव अजिबात आवडत नसे.

नेहमीचे आम्ही तिघं. मी तेव्हा नाशिकरोडला शाळेत भूगोल शिकवायचे. दुसरे सुभेदार गायकवाड, तोफखान्यातून निवृत्त झालेले. तिसऱ्या विमलमावशी, सिन्नरकडच्या, मुलाकडे कॅम्पात राहायला आलेल्या. सरांच्या मिसेस लताबाई वर्गात कधी बसल्या नाहीत, पण स्वयंपाकघरात त्यांना सगळं ऐकू जायचं.

आता सर मुलीकडे पुण्याला असतात आणि त्या घराच्या जागी फ्लॅट झालेत. त्या रस्त्यानं बस जाते तेव्हा मी अजून त्याच बाजूच्या खिडकीत बसते.

*

पहिल्या गुरुवारी सरांनी पुस्तक उघडूच दिलं नाही. म्हणाले, "आधी शेजारच्या फाटकावरची पाटी वाचून या."

पाटीवर रंगानं लिहिलं होतं : 'येथे गाडी लावू नये. काही लोकांना सांगूनही कळत नाही.'

"कोणी लिहिलं?" सरांनी विचारलं.

"खाली नाव नाही," मी म्हटलं.

"नाव कशाला पायजे?" मावशी म्हणाल्या. "त्या घरातल्या बाईनं लिवलंय. माझ्या पोरासाठी. त्यो टेम्पो लावतो ना तिथं."

"म्हणजे कशासाठी, तर टेम्पोसाठी," सर म्हणाले.

"नाय, नाय. नाताळचा फराळ तिला धाडला नाय, म्हून."

सरांनी चष्मा काढून पुसला. "झालं," ते म्हणाले. "आजचा वर्ग संपला."

*

लेखक कोण, यावर महिना गेला. माझं म्हणणं होतं की संदेष्ट्यानं स्वतःच लिहिलं असणार, गोष्ट त्याचीच आहे. सुभेदार ऐकेनात.

"बाई, मी नोकरीत ढिगानं रिपोर्ट लिहिलेत," ते म्हणाले. "स्वतःच्या रिपोर्टमध्ये कोणी लिहील का, की हुकूम मिळाल्यावर मी पळालो, वादळ चालू असताना जहाजात खाली जाऊन झोपलो, आणि काम फत्ते झाल्यावर तोंड पाडून बसलो? हा रिपोर्ट त्याच्या वरच्या साहेबानं लिहिलाय."

"म्हणजे देवानं लिहिलंय, असं तुमचं मत?" सरांनी वहीत टिपून घेत विचारलं.

सुभेदार एकदम सावरून बसले. "मी असं काही म्हटलेलं नाही, सर. साहेबाचं नाव मी घेतलेलं नाही."

*

एकदा सरांच्या ओळखीतले एक इंजिनिअर वर्गाला आले. मोबाईलमध्ये माशाचा सगळा अभ्यास घेऊन आले होते. घसा केवढा, पोटात हवा किती, माणूस आत किती वेळ तग धरेल. पाऊण तास बोलले. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "बरं, तुमचं मान्य. असा मासा नव्हताच. मग मला सांगा, तो संदेष्टा शेवटी शहराबाहेर उन्हात का बसला?"

इंजिनिअर गोंधळले. "तो बाहेर बसतो का?"

"चौथ्या अध्यायात."

"मी दुसऱ्यापर्यंतच वाचलंय," ते म्हणाले. "पुढे मासा नाही ना."

*

कॅम्पात राहायचं म्हणजे तोफांचा आवाज आलाच. सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सुभेदार डोळे मिटून कुठली तोफ ते सांगायचे. आम्हाला त्यातलं काही कळत नसे, तरी आम्ही माना डोलवायचो.

एका गुरुवारी सर तिसरा अध्याय वाचत होते. संदेष्टा भर रस्त्यात उभा राहून नगरी उलथणार म्हणून ओरडतो, ती जागा आली. सर रंगात आले, आवाज चढवला, हात वर केला, आणि नेमका त्याच क्षणी सरावाच्या रेंजवर असा दणका झाला की कौलांतली माती चहाच्या कपांत पडली.

स्वयंपाकघरातून लताबाईंचा आवाज आला, "अहो, वाचताना जरा हळू."

*

कोणासाठी लिहिलं, हा प्रश्न अवघड होता. सर म्हणाले, पुस्तकाची भाषा बरीच नंतरची वाटते. शिवाय लेखक एके ठिकाणी म्हणतो, निनवे मोठं नगर होतं. 'आहे' नाही, 'होतं'.

"म्हणजे शहर पडल्यावर लिहिलं?" सुभेदारांनी विचारलं.

"पुष्कळांना तसं वाटतं. खात्री कोणालाच नाही."

"मग पडलेल्या शत्रूवर दया करा, हे सांगून उपयोग काय? दया करायला उरलंय कोण?"

"शहर गेलं होतं, सुभेदार. राग गेला नव्हता."

सुभेदारांना ते पटलं नाही. तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्या गावात दोन भाऊ बांधावरून भांडले. दोघं वारले. बांध नव्या रस्त्यात गेला. पोरं अजून एकमेकांशी बोलत नाय."

सर हळूच म्हणाले, "बस. त्या पोरांसाठी लिहिलंय."

*

रुसलेल्या संदेष्ट्याच्या डोक्यावर देव एक वेल वाढवतो. तो खूश होतो. दुसऱ्या दिवशी कीड लागून वेल वाळतो, आणि हा म्हणतो, मला आता जगायचंच नाही. सरांना त्याचं फार हसू यायचं. "एवढा मोठा माणूस, आणि एका वेलासाठी जीव द्यायला निघाला," असं म्हणत त्यांनी तो अख्खा गुरुवार काढला.

सरांच्या मागच्या अंगणात दुधीचा वेल होता. मांडव त्यांनी स्वतः बांधला होता. दुधी लागला की आम्हाला मागे नेऊन दाखवायचे, तोडू मात्र द्यायचे नाहीत.

पुढच्या गुरुवारी दुपारीच लताबाईंचा फोन आला.

"आज येऊ नका. वर्ग नाही."

"सरांना बरं नाही का?" मी घाबरून विचारलं.

"बरे आहेत. वेल वाळलाय. सकाळपासून मागं पायरीवर बसलेत."

*

शेवटच्या गुरुवारी शेवटच्या ओळी वाचल्या. देव संदेष्ट्याला विचारतो, तुला एका वेलाचं वाईट वाटतं, तर ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशा एवढ्या माणसांचं आणि गुरांचं मला वाईट वाटू नये का? तिथंच पुस्तक संपतं.

"संदेष्ट्याचं उत्तर लेखकानं दिलेलं नाही," सर म्हणाले. "मला वाटतं, कशासाठी लिहिलं, ते इथं आहे."

मग सुभेदारांनी घसा साफ केला. तोफांची नावं सोडली तर त्यांनी नोकरीतलं कधी काही सांगितलं नव्हतं.

"आमच्यातला एक गेला होता," ते म्हणाले. "सोपान. बागलाणचा. माझ्याच तोफेवरचा. दरीपलीकडं एक गाव होतं, गोळा त्या बाजूनं आला होता. आमची तोफ तयार होती. मी नुसत्या हुकमाची वाट बघत होतो. वरून निरोप आला, फायर करायचं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी जेवलो नाही. साहेबांशी बोललो नाही. दुर्बीण घेतली आणि पुढं जाऊन खडकावर बसलो. ते गाव उभं आहे हे बघवत नव्हतं, आणि तेच बघत बसलो. त्यातलं एक घर राहू नये, असं वाटत होतं."

लताबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दिवस कलला तशी तिकडं एक बाई आली. गाय घरी न्यायला. गाय जागची हलेना. बाईनं दावं ओढलं, ढकललं, शेवटी काठी घेऊन मारायला लागली."

"गाय उगाच आडत नाय," मावशी म्हणाल्या.

"तेच. मी उठून उभा राहिलो आणि जीव खाऊन ओरडायला लागलो. अगं, मारू नको तिला, गाभण आहे ती. मध्ये एवढी दरी. आमचे साहेब तंबूतून धावत आले. म्हणाले, गायकवाड, कोणाला ओरडतोयस?"