जाऊबाईंच्या पायाशी भाऊजी

पोरांनो, आयुष्यभर फोटो काढूनही एकाही फोटोत न सापडणारा माणूस पाहायचा असेल, तर यंदाच्या सुट्टीत मी तुम्हाला रिठदला भाऊजींकडे नेईन. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. तरुणपणी ते आफ्रिकेत, झांबियात तांब्याच्या खाणीत नोकरीला होते. बायको, म्हणजे आमच्या जाऊबाई, आणि मुलीसह कितीतरी वर्षं तिकडे राहिले, आणि परतले ते एक कॅमेरा, पत्र्याची पेटीभर फोटो आणि प्रत्येक वाक्य 'आमच्या खाणीत'ने सुरू करायची सवय घेऊन. विहिरीतला गाळ असो की कुकरची न होणारी शिट्टी, त्यावर खाणीतला उपाय असतोच. गोठ्याच्या ठेंगण्या दारावर त्यांनी 'डोके सांभाळा' अशी पाटी लावली होती. ती म्हशीने पहिल्याच दिवशी शिंगाने पाडली.

घरी कुणी आलं की चहाच्या आधी पेटी येते. लाल माती, पत्र्याचं घर, माणसाहून उंच वारूळ, आणि जिथेतिथे साडीवर स्वेटर घातलेल्या जाऊबाई, उन्हाकडे डोळे बारीक करून उभ्या. फोटो काढताना ऊन आपल्या पाठीशी असावं, असं भाऊजींना खाणीतल्या कुणा साहेबाने शिकवलं होतं. ते त्यांनी व्रतासारखं पाळलं. त्यामुळे प्रत्येक फोटोत त्यांची लांबलचक सावली पडलेली, टोपीसकट थेट जाऊबाईंच्या पायांवर. भाऊजी त्या काळ्या आकृतीवर बोट ठेवून अभिमानाने सांगतात, "आन हा मी." जाऊबाईंचा शेराही ठरलेला. "तिकडं हे माह्या पायापाशी पडून रायत. गावात आल्यावर उठले."

मागच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलीने चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. दोघांचा एकत्र फोटो हवा, तर भाऊजींनी वारुळापुढचा काढून दिला. "याच्यात आमी दोघंई हाओत."

फ्लेक्स करणारा माणूस भारी टापटिपीचा निघाला. सकाळी चौकातल्या कुंपणाला फ्लेक्स बांधला गेला, तेव्हा त्यावर जाऊबाई एकट्याच होत्या. आपल्याकडे फ्लेक्सवर जुन्या फोटोत एकटं माणूस दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत. चार जण गंभीर चेहऱ्याने घरी आले. त्यांना चहा जाऊबाईंनीच दिला.

भाऊजींनी मात्र त्या दिवशीच्या गोडाच्या जेवणाला हात लावला नाही. फ्लेक्सवाल्याला फोन करून म्हणाले, "मले काहून पुसलं?" तो म्हणाला, "काका, पायाजवळ डाग होता, साफ करून देला."

"डाग नाई बे. मी होतो थो."

नवा फ्लेक्स करून देतो म्हणाला, पण भाऊजींनी फोन ठेवून दिला होता. मुलीला रडू आवरेना. ऊन कलल्यावर जाऊबाई उठल्या, भाऊजींचा हात धरून त्यांना चौकात घेऊन गेल्या आणि फ्लेक्ससमोर, सूर्याकडे पाठ करून उभं केलं. मीही मागोमाग गेले होते. भाऊजींची सावली फ्लेक्सवरच्या जाऊबाईंच्या तोंडावर पडली.

"मागं सरका. आनखी. हां, आता बसले जागेवर."

टोपी बरोबर पायांवर आली होती. ऊन जाईपर्यंत भाऊजी तिथून हलले नाहीत, आणि जाऊबाईंनीही घाई केली नाही.

तो फ्लेक्स आता त्यांच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर पांघरलाय. पाय पश्चिमेला येतील असा तो जाऊबाईंनीच बांधून घेतला. रोज संध्याकाळी भाऊजी टोपी घालून तिकडे निघतात, म्हशीला कडबा टाकून येतो म्हणतात. जाऊबाई 'जा' म्हणतात. म्हैस त्यांनी दिवाळीतच विकली.