आमच्या साडूंचे तीन पॉइंट तीन व्होल्ट

आमच्या साडूंइतका विजेवर संशय घेणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आपण बटण दाबतो, दिवा लागतो, आपलं समाधान होतं. साडूंचं होत नाही. ते खिशातून मीटर काढतात, त्याच्या दोन्ही सळया सॉकेटात खुपसतात आणि पत्रिका बघणाऱ्या ज्योतिष्यासारखे नुसतेच "हं" म्हणतात. माझ्या मेव्हणीला पाहायला आले तेव्हा पोह्यांच्या बशीला हात लावायच्या आधी त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं, "तुमना घरमा अर्थिंग शे का?" नव्हतं. लग्न ठरलं, पण साखरपुड्याच्या आधी अंगणात खड्डा खणून अर्थिंग झालं. सासरे आजही ते लग्नाच्या खर्चात धरतात.

साडू नंदुरबारच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतात आणि राहतात धानोऱ्याला, स्वतःच्या शेतीवर. उरलेल्या वेळात ते छोटे छोटे बोर्ड बनवतात. बोर्डावर नखाएवढी चिप असते, तिला तीन पॉइंट तीन व्होल्ट लागतात, आणि ते तिला अखंड मिळावेत म्हणून हा माणूस जेवणखाण विसरतो. चिप काय काम करणार हे विचारलं तर दोन वाक्यांत उरकतील. तिला पुरवठा कसा देणार हे विचारलंत, तर मात्र तुमची बस गेली म्हणून समजा. प्रत्येक चिपच्या अगदी कुशीला ते वीज साठवून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर बसवतात. एकदा मी म्हटलं, "अहो, मोठा एकच लावा की दाराशी." त्यावर मला पंगतीचा दाखला मिळाला. "साडूभाऊ, वाढपी चुल्हापाशी उभा, पाव्हना भुक्या बठेल. तो येवापर्यंत पाव्हना उठी जाई ना! म्हनीसन ज्याना त्याना जोडे वाढपी बठाडी दिधा." माझी मेव्हणी आतून म्हणाली, "इतली काळजी मन्ही कधी करी का?" साडूंनी पुढचा कपॅसिटर चिमट्यात उचलला.

या सगळ्या खटाटोपामागे होते आप्पा, म्हणजे साडूंचे वडील. ऐंशीच्या घरात आलेले, पण डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लाईट आली की तरण्यासारखे उठणारे. शेतीची लाईट कधी येईल आणि किती टिकेल याचा नेम नाही, त्यामुळे "लाईट उनी!" म्हणत ते चपला न घालता विहिरीवरची मोटर चालू करायला पळत. गेल्या वर्षी असेच पळताना बांधावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडलात तर खुबा जाईल. आपोआप मोटर चालू करणारं ऑटो गावात घरोघरी आहे. पण आप्पांची एक मोटर विजेचा दाब कमी असताना ऑटोने जाळली होती, तेव्हापासून त्यांनी ते काढून फेकलं. म्हणून साडूंनी ठरवलं, तिन्ही फेज तपासून मोटर चालू करणारा आणि घरी मेसेज पाठवणारा बोर्ड आपणच करायचा. आप्पा पुन्हा पडायच्या आत.

घरी बोर्ड झकास चालला. शेतावर नेला, तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. लाईट आली, मोटर गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा गुरगुरली, पुन्हा बंद. उचकी लागल्यासारखा तो प्रकार चालला होता. शेवटी साडूंनी मेन स्विच पाडला. बांधावर बसलेले आप्पा म्हणाले, "बेटा, तुन्हं यंत्र मन्हापेक्षा जास्ती घाबरस."

साडू दोन दिवस मीटर घेऊन शेतावर बसले. मग उलगडा झाला. लाईट येताच त्या डीपीवरच्या सगळ्या शेतांतली ऑटो एकदम मोटारी चालू करतात. दाब असा कोसळतो की बिचाऱ्या चिपला स्वतःचीच शुद्ध राहत नाही. शुद्धीवर आली की तिला वाटतं, लाईट आत्ताच आली, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. साडूंनी पुरवठ्यात अंगठ्याएवढा कपॅसिटर घातला, त्यातली वीज उलटी फिरू नये म्हणून डायोड बसवला, आणि चिपला शिकवलं की आधी साऱ्या गावाच्या मोटारी निघू दे, मग आपली काढ. दुसऱ्या वेळी मोटर चालू झाली ती चालूच राहिली. आप्पांच्या फोनवर मेसेज आला: "आप्पा, मोटर चालू व्हई गयी. निवांत बठा." साडूंचा चेहरा त्या दिवशी मुलगा झाल्यासारखा फुलला होता.

आठवडाभर आप्पा बसलेही. पुढच्या खेपेला मी ओट्यावर चहा घेत असताना मेसेज आला. आप्पांनी तो वाचला, टोपी घातली, काठी घेतली आणि पायऱ्या उतरले.

"आप्पा, मोटर चालू शे ना!" साडू आतून ओरडले.

"मी मोटरसाठे नही जाई ऱ्हायनू," आप्पा म्हणाले. "पानी देखाले जाई ऱ्हायनू."

साडूंनी हातातली सोल्डरिंगची गरम कावी स्टँडवर ठेवली, चपला घातल्या आणि तेही निघाले. तेव्हापासून घरी असले की ते रोज आप्पांसोबत जातात. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "चालतच जायचं होतं, तर एवढा उपद्व्याप कशाला केलात?"

"आते घाई नही ना, साडूभाऊ," ते म्हणाले. "मोटर चालू व्हई जास. आम्ही निवांत जातस."

परवा मी ओट्यावरून दोघांना जाताना पाहिलं. आप्पा चार पावलं टाकून थांबतात, मिरचीचं झाड हातानं वर करून बघतात, पुन्हा चालतात. पूर्वी ज्या बांधावर ते पळत पोचत, तिथं पोचायला आता फार वेळ लागतो, आणि दर महिन्याला तो थोडा वाढतो आहे. साडूंना ते कळतं. विजेवर कधीच विश्वास न ठेवणारा हा माणूस तेवढ्याच सावधपणे वडिलांच्या एक पाऊल मागे चालत होता, आणि आप्पा थांबले की तोही थांबत होता. मला त्याचा हेवा वाटला.